सीतामाईचा वनवास : एक चिंतन



चैत्र शुद्ध नवमीला माध्यान्ही आपल्या मंदिरात रामजन्माचा सोहळा होतो. पाळणा हलतो, गुलाल उधळला जातो आणि सुंठवड्याच्या प्रसादासाठी लागलेली रांग रस्त्यापर्यंत जाते. भांडुप, मुलुंड, घाटकोपरहून, तसेच पश्चिमेकडील अंधेरी-बोरिवलीहूनही भाविक गाड्यांची गर्दी सोसून येतात. त्यानंतर एका महिन्याने, वैशाख शुद्ध नवमीला, सीतामाईची जयंती येते. त्या दिवशी दुपारी बारा वाजता सभामंडपात दोन-चार वृद्ध मंडळी पंख्याखाली विसावलेली असतात. पुजारी नित्याचा नैवेद्य दाखवून पडदा ओढतात. पाळणा नाही, गुलाल नाही आणि सुंठवडाही नाही.

गाभाऱ्यात रामरायाच्या डाव्या हाताला जानकी उभी आहे. नाव घेतानाही आपण 'सीताराम' म्हणतो, म्हणजे तिचे नाव आधी घेतो. तरीही तिच्या वाट्याला जे आले त्याविषयी मंदिरातून सहसा बोलले जात नाही. कीर्तनकार बहुधा राज्याभिषेकापाशी कथा थांबवतात, कारण मंगल प्रसंगी पुढचा भाग कशाला, असा विचार असतो. तो विचार समजण्यासारखा आहे. परंतु दर्शनाला येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया असतात आणि कथेचा पुढचा भाग त्यांना ठाऊक असतो. म्हणून या पुस्तिकेच्या पानांवर त्या भागाचे चिंतन करण्याचे योजले आहे.

॥ काय घडले ॥

महर्षी वाल्मीकींनी काहीही लपविलेले नाही. रावणवधानंतर सीतामाई समोर आली तेव्हा रामचंद्र आनंदाने पुढे झाले नाहीत. हे युद्ध आपण कुळाच्या कीर्तीसाठी केले, परक्याच्या घरी राहिलेल्या तुझा स्वीकार करता येत नाही, तुला वाटेल तिकडे तू जा, अशा आशयाचे कठोर शब्द भर सभेत, वानर आणि राक्षस यांच्या समोर तिला ऐकावे लागले. तिने उत्तर दिले, लक्ष्मणाला चिता रचावयास सांगितली आणि अग्निप्रवेश केला. साक्षात अग्निदेवाने तिला सुखरूप आणून रामाच्या हाती दिले. हा प्रसंग युद्धकांडातील आहे.

त्याहून कठीण प्रसंग उत्तरकांडात येतो. राज्य स्थिरावले आहे, सीतामाईला दिवस गेले आहेत. डोहाळे विचारले असता गंगातीरीचे आश्रम पाहावेत, ऋषींच्या सहवासात एखादी रात्र काढावी, एवढीच इच्छा तिने सांगितली. त्याच सुमारास भद्र नावाच्या एका माणसाने नगरातील बोलणे राजाच्या कानी घातले. रावणाने उचलून नेलेली स्त्री राजाने घरात ठेवली, आता आम्हालाही आमच्या बायकांचे असे वागणे सोसावे लागेल, असे लोक चौकाचौकांत बोलत होते. रामाने भावांना बोलावले. सीता शुद्ध आहे असे माझे अंतःकरण मला सांगते, हे त्याने त्यांच्यासमोर स्पष्ट म्हटले आणि तरीही तिला गंगेपलीकडे सोडून येण्याची आज्ञा लक्ष्मणाला दिली. या निर्णयावर कोणी काही बोलू नये, अशी शपथही घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रथ सजला. आपली इच्छा पूर्ण होत आहे या आनंदात सीतामाईने ऋषिपत्नींना देण्यासाठी वस्त्रे आणि अलंकार बरोबर घेतले. वाल्मीकींनी दिलेला हा तपशील वाचताना डोळे भरून येतात. जिला टाकून देण्यासाठी नेले जात होते, ती दुसऱ्यांसाठी भेटी घेऊन निघाली होती. गंगा ओलांडल्यावर लक्ष्मणाला रडू आवरेना, तेव्हा कोठे तिला खरी गोष्ट कळली.

सर्वसाधारणपणे या प्रसंगाला 'परिटाची गोष्ट' म्हटले जाते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाल्मीकी रामायणात परीट नाही. तेथे साऱ्या नगराची कुजबुज आहे. परिटाची कथा नंतरच्या ग्रंथांतून आली आणि रूढ झाली. त्यामुळे अयोध्येतील सर्व प्रतिष्ठितांच्या तोंडचे शब्द एका कष्टकरी माणसाच्या माथी मारले गेले. अन्यायाचा भार नेहमी खालच्या पायरीवर सरकत जातो, याचे हे आणखी एक उदाहरण म्हणावे लागेल.

॥ आपण काय समर्थन करतो ॥

या प्रसंगाची चार प्रकारची समर्थने आपल्या कानावर येतात. प्रत्येकाचा आदराने विचार करू.

पहिले समर्थन असे की उत्तरकांड मागाहून जोडलेले आहे, वाल्मीकींचे नाही. अनेक विद्वानांचे तसे मत आहे. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी धर्मराजाला रामकथा सांगतात, तीत सीतात्याग येत नाही. गोस्वामी तुलसीदासांनीही रामचरितमानसात तो प्रसंग घेतलेला नाही. परंतु उत्तरकांड बाजूला ठेवले तरी युद्धकांडातील अग्निपरीक्षा उरतेच. शिवाय हे कांड कोणीही रचलेले असो, गेली शेकडो वर्षे आपल्या समाजाने ते ऐकले आहे, त्यावर अश्रू ढाळले आहेत. ज्या दुःखाला समाजाने एवढा काळ आपले मानले, ते पानांबरोबर फाडून टाकता येत नाही.

दुसरे समर्थन राजधर्माचे. राजाला स्वतःचे सुख नसते, प्रजेसाठी त्याने सर्वस्व द्यावे. हे वचन थोर आहे. परंतु येथे राजाने जे दिले ते केवळ त्याचे स्वतःचे नव्हते. ती एक वेगळी व्यक्ती होती, तिच्या पोटात दोन जीव होते आणि तीदेखील त्याच राज्याची प्रजा होती. न्याय मागण्यासाठी प्रजेतील कोणीही राजद्वारी यावे, अशी रामराज्याची ख्याती. तिला मात्र आपल्यावरील आरोप काय आहे हेही कोणी विचारले नाही, सांगितले नाही.

तिसरे समर्थन असे की रामानेही दुःख भोगले, दुसरा विवाह केला नाही, यज्ञाच्या वेळी शेजारी सीतेची सुवर्णप्रतिमा ठेवली. हे सर्व खरे आहे आणि रामचंद्रांच्या एकनिष्ठेपुढे आपले मस्तक नम्र होते. तथापि ज्याने त्याग केला त्याचे दुःख आणि जिचा त्याग झाला तिचे दुःख यांची फिटंफाट होत नाही. पहिल्याच्या दुःखात त्याची स्वतःची निवड होती.

चौथे समर्थन सर्वांत सोयीचे आहे. ही सारी देवाची लीला, आपण पामरांनी काय बोलावे? त्यावर एवढेच म्हणता येईल की आपल्या पूर्वीच्या महाकवींनी बोलण्यास संकोच केला नाही, आणि त्यांची रामभक्ती आपल्याहून उणी नव्हती.

॥ कवींनी कोणाची बाजू घेतली ॥

महाकवी कालिदासांचा रघुवंश हा रामाच्या कुळाचा गौरवग्रंथ. त्याच्या चौदाव्या सर्गात वनात सोडलेली सीता लक्ष्मणाबरोबर निरोप पाठविते, तेव्हा ती पतीचा उल्लेख 'तो राजा' असा करते. बाकी काही कठोर बोलण्याची गरज उरत नाही. पुढे वाल्मीकी ऋषी तिला भेटतात. रामाचे सारे गुण मान्य करून, तुझ्याशी असे अकारण वागल्याबद्दल मला त्याचा राग आहे, असे ते तिला सांगतात. याच कालिदासांच्या मेघदूताच्या आरंभी जो रामगिरी येतो, तो म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे पुष्कळांचे मत आहे. त्या स्थळाचे पावित्र्य सांगताना कवीने तेथील जल जनककन्येच्या स्नानाने पवित्र झाल्याचे म्हटले आहे.

आठव्या शतकातील भवभूती तर आपल्या विदर्भातील. पद्मपूर हे आपल्या घराण्याचे स्थान, असे त्यांनी स्वतःच नोंदविले आहे. त्यांच्या उत्तररामचरित या नाटकात घरातील वडीलधारी मंडळी ऋष्यशृंगाच्या यज्ञाला गेलेली असताना सीतात्याग घडतो. यज्ञ संपल्यावर वसिष्ठपत्नी अरुंधती सांगते की सून नसलेल्या अयोध्येत मी पाऊल टाकणार नाही. कौसल्येसह राममाता तिला दुजोरा देतात आणि स्वतः वसिष्ठ त्या सर्वांसह वाल्मीकींच्या आश्रमाकडे वळतात. या नाटकात सासवांनी सुनेची बाजू घेतली आहे. तिसऱ्या अंकात जनस्थानात, म्हणजे गोदाकाठच्या पंचवटीच्या परिसरात, राम जुन्या आठवणींनी व्याकूळ होतो. तेथे वासंती नावाची वनदेवता त्याला तोंडावर विचारते की तुम्ही असे का केलेत. लोकांना सहन झाले नाही, एवढेच उत्तर त्याला देता येते. आपल्यापैकी अनेक जण ठाण्याहून पंचवटी एक्स्प्रेस धरून नाशिकला जातात, सीतागुंफेत वाकून उतरतात, काळारामाचे दर्शन घेतात. पुढच्या वेळी तेथे उभे राहाल तेव्हा वासंतीचा हा प्रश्नही स्मरावा.

मराठीत संत एकनाथांनी भावार्थ रामायण आरंभिले. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाल्यावर त्यांनी देह ठेवला आणि पुढील भाग त्यांच्या शिष्याने, गावबाने, हाती घेतला. श्रीधरस्वामींनी 1703 साली पंढरपुरी पूर्ण केलेला रामविजय तर घरोघरी वाचला गेला. त्यातील सीतात्याग आणि लवकुशांचा पराक्रम हा भाग ऐकताना आजीच्या डोळ्यांना पदर लागे, हे पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळांना आठवत असेल. गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर घराघरांत पोहोचले. छप्पन्न गीतांच्या त्या मालेत गदिमांनीही राज्याभिषेकापाशी लेखणी थांबविली नाही. टाकून दिलेल्या जानकीचा प्रश्न त्यांनी तिच्याच तोंडून महाराष्ट्राला ऐकविला.

आणि या सर्वांच्या आधीपासून जात्यावर बसलेल्या आयाबाया गात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या विपुल आहेत. तेथे सीता ही देवी कमी आणि सासुरवाशीण लेक अधिक आहे. पहाटेच्या अंधारात दळण दळणाऱ्या बाईने तिचे दुःख स्वतःच्या दुःखाशी जोडून घेतले. त्यासाठी तिला कोणत्याही पंडिताची अनुज्ञा लागली नाही.

॥ रावेरीचे मंदिर ॥

यवतमाळ जिल्ह्यात राळेगावपासून काही किलोमीटरवर रावेरी नावाचे गाव आहे. वर्ध्याहूनही राळेगावास रस्ता जातो. या गावात सीतामाईचे प्राचीन मंदिर आहे. गाभाऱ्यात ती एकटी आहे, शेजारी रामाची मूर्ती नाही. लोकश्रद्धा अशी की वनात सोडलेली गरोदर सीता येथे आली आणि येथेच लवकुशांचा जन्म झाला. गावात मारुतीचीही मूर्ती आहे. अश्वमेधाच्या वेळी लवकुशांनी बांधून ठेवलेला मारुती तो हाच, असे सांगतात.

या गावाची आणखी एक आख्यायिका आहे. बाळंतिणीने गावकऱ्यांकडे पसाभर गहू मागितले, ते तिला कोणी दिले नाहीत. तिने शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. त्यानंतर दीर्घ काळ रावेरीत गहू होत नसे, अशी गावाची समजूत आहे. एखादे गाव पुढच्या पिढ्यांना सहसा आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगते. रावेरीने मात्र आपल्या पूर्वजांचा अपराध जपून ठेवला आणि लेकरांना सांगितला. दारी आलेल्या टाकलेल्या बाईला आपण मूठभर धान्य दिले नाही, ही कबुली त्या गावाच्या कथेत आहे. अशी कबुली देणारे गाव मला तरी तीर्थासमान वाटते.

शेतकरी संघटनेचे नेते कै. शरद जोशी यांनी या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. त्यामागे त्यांचा एक विचार होता. 'सीता' या शब्दाचा मूळ अर्थ नांगराने जमिनीत ओढलेली रेघ, म्हणजे तास. जनकराजाला ती नांगरताना सापडली म्हणून तिचे नाव सीता. जिचे नावच शेतजमिनीवरून पडले, तिला घराबाहेर काढले तेव्हा उभे राहायला हक्काची वीतभर जमीन नव्हती. शेतकऱ्यांच्या घरोघरी हीच स्थिती पाहून संघटनेने 1990 च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' हा कार्यक्रम हाती घेतला. गावातील शंभर पुरुषांनी आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करून द्यावा, असे ते आवाहन होते. जळगाव जिल्ह्यातील विटनेर गावाने ते आरंभीच स्वीकारले आणि तेथील शंभराहून अधिक स्त्रियांच्या नावे जमीन झाली. कर्ज काढून, भीक म्हणून किंवा कज्जा करून नव्हे, तर नवऱ्यांनी आपण होऊन दिलेली. लक्ष्मीची पूजा करणाऱ्या घरात घरच्या लक्ष्मीचे ऋण फेडण्याचा तो एक सरळ मार्ग होता.

'टाकलेली' हा शब्द आपण किती सहज वापरतो! वस्तू टाकतात, कचरा टाकतात, तसे माणूस टाकले जाते. निशा शिवूरकर यांनी संगमनेर परिसरात अशा स्त्रियांना एकत्र आणून त्यांच्या हक्कांसाठी अनेक वर्षे काम केले आणि 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' या पुस्तकात ते नोंदविले. कोणीही स्त्री फेकली गेली म्हणून हलकी होत नाही. सोने उकिरड्यावर पडले तरी त्याचा कस कमी होत नाही, हे आपल्या सराफ बाजारातही सांगतील.

॥ कार्यालयातील एक दुपार ॥

आता जे सांगणार आहे ते या लेखाचे खरे कारण आहे. ते सांगताना संकोच वाटतो.

काही वर्षांपूर्वी एक बाई कार्यालयात सत्यनारायणाच्या पूजेची नोंद करण्यास आल्या. मुलगा दहावी उत्तीर्ण झाला होता. त्यांनी रुमालात गुंडाळलेल्या नोटा मेजावर ठेवल्या. मी पावतीपुस्तक उघडून नेहमीप्रमाणे विचारले, "यजमानांचे नाव?"

"माझंच लिहा," त्या म्हणाल्या.

"पूजेला जोडपे बसते, ताई. मिस्टरांना घेऊन या."

"ते आमच्यात नाहीत."

मी आवाज खाली आणून विचारले, "वारले का?"

"नाही हो साहेब. आहेत. दुसरीकडे राहतात. दहा वर्षं झाली."

माझ्यापुढे पेच पडला. नियमाचे माणूस ते! मी सुचविले की भाऊ-भावजयीला बसवा, पुण्य तुम्हालाच लागेल. त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. "चार घरची धुणीभांडी मी केली, त्याची फी मी भरली, आणि पूजेला वहिनी बसणार होय?" एवढे बोलून त्यांनी नोटा पुन्हा रुमालात बांधल्या, गाभाऱ्याकडे पाहून हात जोडले आणि त्या गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मी ही हकीकत आमच्या वयोवृद्ध गुरुजींना सांगितली. मला वाटले, तुम्ही योग्य केलेत असे ते म्हणतील. ते म्हणाले, "कार्यवाह, तुम्ही आठवड्यातून किती वेळा सत्यनारायणाची कथा ऐकता?" मी म्हटले, कार्यालयात बसून दोन-तीनदा तरी कानावर पडतेच. "मग लीलावतीने पूजा केली तेव्हा तिचा नवरा कोठे होता?"

मी निरुत्तर झालो. साधुवाणी आणि त्याचा जावई परमुलखात राजाच्या बंदिवासात पडलेले असतात. घर चोरांनी लुटलेले असते. लीलावती आणि तिची कन्या कलावती, दोघीही नवऱ्यावाचून, अन्नाला महाग झालेल्या असतात. अशा वेळी लीलावती सत्यनारायणाचे व्रत करते आणि तिच्या पूजेने प्रसन्न होऊन देव त्या दोघा पुरुषांची बेडी तोडवितो. ज्या पूजेत नवऱ्याशिवाय बसलेल्या स्त्रीची कथा पूजेचाच भाग म्हणून वाचली जाते, त्या पूजेला नवऱ्याशिवाय आलेल्या स्त्रीला मी परत पाठविले होते.

गुरुजी आणखी एक गोष्ट बोलले. पत्नी हयात नसलेला किंवा गावी गेलेला पुरुष पूजेला बसतो तेव्हा आपण त्याच्या कमरेला सुपारी लावतो. ती सुपारी म्हणजे पत्नी. रामरायाने यज्ञात सुवर्णाची सीता बसविली, आपण सुपारी बसवितो, रीत तीच. "पुरुषाची अडचण शास्त्राने सुपारीवर सोडविली. मग बाईची अडचण तुम्ही दारावर का थोपविलीत?" या प्रश्नाचे उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हते, आजही नाही.

अयोध्येचे लोक दुष्ट नव्हते. ते पूजाअर्चा करणारे, नियम पाळणारे, आपल्यासारखेच गृहस्थ होते. त्यांनी सीतेला दगड मारला नाही. ते फक्त बोलले, आणि ज्यांना पटत नव्हते ते गप्प राहिले. मीही त्या दुपारी कोणाला वाईट बोललो नाही. केवळ एक रकाना भरू पाहत होतो.

॥ आश्रमाचे दार ॥

सीतामाईच्या कथेत दोन ठिकाणे आहेत. एक अयोध्या, जेथे वैभव, राजसभा, कुलगुरू आणि विधिविधान सारे होते, पण तिला जागा नव्हती. दुसरा वाल्मीकींचा आश्रम. तेथे ऋषींनी तिला तुझा नवरा कोण, तुला का काढले, पुरावा काय, असे काहीही विचारले नाही. तिला ओळखून, धीर देऊन तापसींच्या हाती सोपविले. तेथे तिचे बाळंतपण झाले, मुले वाढली, शिकली. बारा वर्षांनी तीच मुले रामाच्या यज्ञमंडपात उभी राहून रामायण गाऊ लागली, तेव्हा राजाने विचारले असता त्यांनी आपण वाल्मीकींचे शिष्य एवढेच सांगितले. कालिदासांनी तर त्यांना 'मैथिलेय', मैथिलीचे पुत्र, असे आईच्या नावाने ओळखले आहे. महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव लावण्याचा निर्णय केला, तेव्हा मला लवकुशांची आठवण झाली.

त्या यज्ञमंडपात वाल्मीकींनी आपल्या सहस्रावधी वर्षांच्या तपाची शपथ घेऊन सीतेची ग्वाही दिली. तरीही सर्वांसमोर पुन्हा एकदा तिने प्रत्यय द्यावा, असे ठरले. काषाय वस्त्र नेसलेली सीतामाई हात जोडून, दृष्टी भूमीकडे लावून उभी राहिली. रामावाचून अन्य कोणाचे चिंतन मी मनातही केले नसेल तर भूमातेने मला वाट द्यावी, असे ती म्हणाली. धरणी दुभंगली. अग्नीने साक्ष दिली तेव्हा ती परत आली होती. या वेळी तिने शुद्धता सिद्ध केली आणि परतणे नाकारले. ज्या घराला पुन:पुन्हा पुरावा लागतो, त्या घरात तिला आता राहावयाचे नव्हते. रामराज्यात सर्व काही होते, आणि त्या क्षणापासून सीता नव्हती. हा तोटा अयोध्येला अखेरपर्यंत भरून काढता आला नाही.

प्रत्येक मंदिराला, प्रत्येक घराला आपण अयोध्या व्हायचे की आश्रम, हे ठरवावे लागते. आमच्या कार्यालयापुरते आम्ही ठरविले ते येथे नम्रपणे सांगतो. येथे पूजा, अभिषेक वा अन्नदान यांच्या पावतीवर भाविकाचे स्वतःचे नाव लिहिले जाते. यजमानांचे नाव सांगणे ऐच्छिक आहे आणि त्याविषयी दुसरा प्रश्न विचारला जात नाही. सत्यनारायणाच्या पूजेस कोणीही भगिनी एकटी बसू शकते, तिचा संकल्प तिच्या नावाने सोडला जातो. शैक्षणिक साहाय्याच्या अर्जावर आईची सही पुरेशी मानली जाते. आणि वैशाख शुद्ध नवमीला माध्यान्ही सीतामाईचा जन्मोत्सव होतो. पाळणा तोच, गुलाल तोच, सुंठवडाही तोच. त्या दिवशीच्या देणगीतून एकट्या आईच्या मुलांना वह्या-पुस्तके दिली जातात.

देणगीदार बंधूंना एक प्रार्थना. मंदिराला दान द्याच, परंतु घरी गेल्यावर एकदा आपल्या घराच्या कागदांवर, बँकेच्या पुस्तकावर कोणाचे नाव आहे ते पाहावे. जिच्यामुळे घर चालते तिचे नाव तेथे नसेल तर ते घालावे. त्यासाठी मुहूर्त लागत नाही.

आणि ज्या ताई त्या दुपारी रुमाल बांधून परत गेल्या, त्यांच्या हाती कधी ही पुस्तिका पडली तर त्यांनी अवश्य यावे. मुलालाही आणावे. पावतीपुस्तक मीच उघडीन आणि प्रश्न एकच विचारीन, "ताई, आपले नाव काय?"

॥ श्रीसीतारामचंद्रार्पणमस्तु ॥

— कार्यवाह, विश्वस्त मंडळ कार्यालय